किती लेकरं, मुलगा कधी, एकच का? असल्या प्रश्नांना काय उत्तर द्यायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपूरची, सक्करदऱ्यात राहते. मला तीन मुली आहेत. माझ्या धाकट्या जावेला मूल नाही, आणि कॉलेजपासूनच्या मैत्रिणीला एकच मुलगा आहे. आम्हा तिघींना लोक जे ऐकवतात ते एकत्र मांडलं तर लक्षात येतं, की लोकांच्या लेखी आमच्यापैकी एकीचाही आकडा बरोबर नाही. हळदी-कुंकवाला, भिशीला, शाळेच्या गेटवर बायका मला बाजूला घेऊन विचारतात, "तू काय म्हणतेस गं अशा वेळी?" तेच प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं माझी आहेत. काही अनुभवातून आलेली, काही उशिरा सुचलेली.

लोक असं विचारतात तरी का?

बहुतेकांच्या मनात वाईट नसतं. आपल्याकडे ओळख काढायची रीतच ती: गाव कोणतं, आडनाव काय, मिस्टर कुठे असतात, लेकरं किती. आपण पोळीभाजी झाली का विचारतो त्याच सुरात हेही विचारलं जातं. दुखतं ते त्यानंतर येणाऱ्या शेऱ्याने.

माझी आजी काटोलकडची. तिच्या लग्नात मोठ्यांनी "अष्टपुत्रा सौभाग्यवती भव" असा आशीर्वाद दिला. १९५२ साली देशात सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रम सुरू झाला, आणि पुढे तिच्याच गावच्या भिंतीवर लाल त्रिकोण आला, "हम दो, हमारे दो" आलं. १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीत नसबंदीच्या सक्तीची धास्ती घराघरांत होती. म्हणजे एकाच बाईला आधी आठ सांगितले, मग दोन सांगितले, आणि दोन्ही वेळा तुला किती हवेत हे कुणी विचारलं नाही. त्या पिढीला लेकरांचा आकडा ही चारचौघांत बोलायची गोष्ट वाटते, याचं मला तरी नवल वाटत नाही.

आता उलटं झालंय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर १.७ निघाला, म्हणजे एका बाईमागे सरासरी दोनाहूनही कमी मुलं. त्यामुळे तीन लेकरांचं घर कॉलनीत लगेच नजरेत भरतं. लग्नाला सहा वर्षं होऊन पाळणा न हललेलं घरही भरतं. हे कळलं की राग थोडा निवतो. पण निवला म्हणून ऐकून घेत राहायचं, असं काही नाही.

प्रत्येक वेळी उत्तर द्यायलाच पाहिजे का?

नाही. आपण कुणाला हिशेब देणं लागत नाही. हसून पुढे गेलात, कान नसल्यासारखं केलंत, "चला, उशीर होतोय" म्हणालात, तरी चालतं.

एका प्रसंगी मात्र गप्प राहू नये असं माझं ठाम मत आहे: लेकरू ऐकत असेल तेव्हा. ही गोष्ट मी चुकून शिकले.

उमरेड रोडवरच्या एका मंगल कार्यालयात रिसेप्शन होतं. माझी धाकटी तेव्हा पाच वर्षांची. तिने स्वतःहून रांगेत उभं राहून वाटीत दोन गुलाबजाम घेतले होते आणि पाक सांडू नये म्हणून वाटीकडेच बघत हळूहळू चालत होती. नात्यातल्या एक काकू समोर आल्या. आधी मोठ्या दोघींकडे पाहिलं, मग हिच्याकडे, आणि म्हणाल्या, "हीपण पोरगीच का वो? बिचारी!" मी नेहमीसारखी हसले. ते हसणं सवयीचं होतं, आजही आठवलं की पोटात कालवतं. पोरीने वाटी खुर्चीवर ठेवली आणि माझ्या पदराआड येऊन उभी राहिली. गुलाबजाम तसेच राहिले.

परतताना मोठ्या दोघी बाबाच्या गाडीवर, ही माझ्या स्कूटीवर पुढे उभी. दिघोरीच्या सिग्नलला तिने मान वर करून विचारलं, "आई, बिचारी म्हणजे काय?"

मी म्हणाले, "काही नाही गं, झोप येतेय का तुला?"

काकूंना उत्तर दिलं नाही याचं मला काही वाटत नाही. पोरीला दिलं नाही, याचं आजही वाटतं. त्या रात्रीपासून माझं एक ठरलं, की असल्या बोलण्याला मी उत्तर देते ते विचारणाऱ्यासाठी नाही, माझा हात धरून उभी असते तिच्यासाठी. हे एकदा मनात पक्कं झालं की काय बोलायचं ते आपोआप सुचतं. समोरच्याला गप्प कसं करायचं हा विचार मागे पडतो, आणि लेकरू घरी जाताना कोणतं वाक्य सोबत नेईल तेवढंच बघावं लागतं.

आता मी म्हणते, "हो, तिघी मुली. आमच्या मनासारखं झालं." आवाज न चढवता, काकूंकडे बघून, हात पोरीच्या डोक्यावर.

"मुलासाठी तिसरा चान्स घेतला का?" याला काय म्हणायचं?

"नाही, हिच्यासाठी घेतला." एवढंच.

पुष्कळ बायका मला सांगतात, की खरं तर आम्ही मुलासाठीच थांबलो होतो, मग असं म्हणणं खोटं नाही का? माझं म्हणणं, ती मुलगी जन्माला आल्यानंतर ते खरं उरत नाही. आधी काय मनात होतं ते तुमच्या दोघांच्या खोलीतलं. पोरीसमोर तिच्या येण्याला चूक ठरवणारं वाक्य खरं असलं तरी बोलायचं नाही.

इथे एक गोष्ट मोठ्यांना शांतपणे सांगून ठेवावी. मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं. आईकडून नेहमी एक्स येतो, बापाकडून एक्स किंवा वाय. शाळेच्या पुस्तकात आहे हे, तरी बोल लावला जातो तो बाईलाच. माझ्या सासऱ्यांना हे माझ्या मोठ्या मुलीने दहावीच्या अभ्यासाचं पुस्तक उघडून वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ते पान दोनदा वाचलं. त्यानंतर त्यांनी तो विषय माझ्यासमोर काढला नाही.

आणि कुणी कानाशी येऊन "आता पुढच्या वेळी तपासून घे, मी पत्ता देते" म्हणालं, तर ते बोलणं थट्टेवारी नेऊ नका. गर्भलिंग निदानाला बंदी घालणारा कायदा १९९४ सालचा आहे. तपासणी करणारा आणि करून मागणारा, दोघांनाही तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. बाईवर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी दबाव आणला असंच कायदा आधी धरून चालतो. "मावशी, हा गुन्हा आहे, माझ्यासमोर पुन्हा बोलू नका" असं स्पष्ट सांगायला अजिबात कचरू नका.

"दोनाच्या वर कायद्यात बसत नाही" असं लोक म्हणतात. खरं आहे का?

अर्धवट ऐकलेलं आहे. सामान्य माणसाने किती मुलं जन्माला घालावीत यावर आपल्याकडे कायदा नाही. महाराष्ट्रात मुख्यतः दोन ठिकाणी अट आहे. एक, ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंतच्या निवडणुका: १२ सप्टेंबर २००१ नंतर मूल होऊन संख्या दोनाहून जास्त झाली असेल तर उमेदवार अपात्र ठरतो. दुसरं, राज्य सरकारची नोकरी: २००५ च्या लहान कुटुंबाच्या नियमांनुसार प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि तिथे हीच अट २८ मार्च २००६ नंतरच्या मुलांना लागू होते. एका मुलानंतर जुळं झालं तर त्या नियमात ते एकच धरलं जातं, हे जुळ्यांच्या आयांना सहसा कुणी सांगत नाही.

बाकी, नोकरी करणाऱ्या आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा मिळते, तिसऱ्या वेळी १२. तिसऱ्या वेळी अंग लोखंडाचं होतं की काय, हा प्रश्न मला पडतो, पण तो इथला विषय नाही.

"इतक्यांना पोसणार कसं?"

"जसं तुम्ही तुमच्यांना पोसलं तसं." किंवा काहीच नाही. पगार, फी, कर्ज यातला एकही आकडा सांगू नका. एक सांगितला की पुढचे चार विचारले जातात, आणि तुम्ही भाजीच्या दुकानासमोर उभं राहून घरचा जमाखर्च मांडत बसता.

आम्हाला एकच मूल आहे. "एकटं पडेल, हट्टी होईल" हे ऐकून ऐकून थकलो.

माझ्या मैत्रिणीला बाळंतपणात इतका रक्तस्राव झाला की डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला बाहेर बोलावून पुन्हा धोका पत्करू नका असं सांगितलं. सुरुवातीची तीन-चार वर्षं ती हे प्रत्येकाला सांगत बसायची. सासरच्या चुलत नणंदेला, शेजारणीला, एकदा तर पिको-फॉलवाल्या बाईंना. प्रत्येक वेळी तिला तो दिवस पुन्हा आठवायचा, आणि समोरून यायचं, "असं काही नसतं बाप्पा, माझ्या भाचीला पण असंच सांगितलं होतं."

तेव्हा तिला मी म्हणाले, आणि तुम्हालाही तेच सांगते: कारण देऊ नका. कारण दिलं की लोक त्यावर वाद घालतात. तुमच्या पोटावरचे टाके दाखवले तरी कुणी म्हणेल, बरे झालेत की. "आमचं कुटुंब पूर्ण आहे" या वाक्याला फाटा फोडता येत नाही. ती आता एवढंच म्हणते आणि मुलाला फुटाळा तलावावर भुट्टा खायला घेऊन जाते.

एकुलत्या लेकराला भावंडं नसली तरी माणसं लागतातच. आमच्याकडे तो महालक्ष्म्यांना येतो, माझ्या तिघी मुलींबरोबर फुलोरा बांधतो. ते आमच्या दोघींचं ठरलेलं आहे. हे लोकांना दाखवायला म्हणून करत नाही.

मूल नाही. "गोड बातमी कधी?" याला काय सांगायचं?

या प्रश्नावर मी जरा थांबणार आहे, कारण बाकी सगळे शेरे एकीकडे आणि हा एकीकडे.

माझ्या जावेचे दोन गर्भ गेले. दुसऱ्या वेळी साडेतीन महिने झाले होते. रुग्णालयातून आली त्याच्या दहाव्या दिवशी घरात सत्यनारायण होता, आधीच ठरलेला. ती स्वयंपाकघरात प्रसादाचा शिरा परतत होती. नात्यातली एक बाई आत आली, तिच्या पोटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "काय वो, यंदा तरी काही आहे का नाही?" जाऊ उलथनं फिरवत राहिली. शिरा खाली लागला, करपल्याचा वास आला, तरी ती फिरवतच होती. शेवटी मी गॅस बंद केला.

लक्षात आलेल्या गर्भारपणांपैकी दर शंभरात दहा ते वीस गर्भ आपोआप जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितलं, की जगात साधारण सहापैकी एका व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला सामोरं जावं लागतं. म्हणजे तुमच्या हळदी-कुंकवाला तीस बायका आल्या असतील तर हा प्रश्न त्यांतल्या कुणाकुणाच्या जखमेवर पडणार, हे धरून चालावं. अनेक जोडप्यांमध्ये अडचण पुरुषाकडे किंवा दोघांकडे असते, तरी पोटाकडे बघतात ते बाईच्याच.

बोलायला वाक्यं तीन, पायऱ्यापायऱ्यांनी. पहिल्यांदा: "बातमी असली की सांगूच." पुन्हा विचारलं तर: "या विषयावर आम्ही बोलत नाही, मावशी." तिसऱ्यांदा: "मी सांगितलं ना, नाही बोलायचं", आणि उठून जायचं. उठून जाणं हेही उत्तरच आहे. त्यात उद्धटपणा नाही.

ओटी भरताना तिला वगळलं जातं, डोहाळजेवणाला बोलावणं येत नाही किंवा बोलावून मागे बसवतात, तेव्हा एकटीने लढायचं नसतं. तिथे घरातल्या दुसऱ्या बाईने पुढे व्हायचं. आमच्याकडे सासूबाई झाल्या. माझ्या नणंदेच्या डोहाळजेवणाला त्यांनी पहिली ओटी धाकट्या सुनेच्या हातून भरवली. कुणीतरी काही पुटपुटलं. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या घरची लक्ष्मी आहे ती, तिच्या हातानंच होईल." एवढी वर्षं झाली, जाऊ अजूनही ते वाक्य जसंच्या तसं सांगते.

"दत्तक घ्या ना एखादं" हाही सल्ला फुकट मिळतो. दत्तक ही नोंदणी, घरभेट, कागदपत्रं आणि वर्षानुवर्षं वाट पाहण्याची गोष्ट आहे. ज्यांना तो मार्ग घ्यायचा आहे ते स्वतःहून घेतील. ज्यांनी घेतला त्यांच्या लेकरासमोर "खरी आई कोण?" असं विचारणाऱ्याला एकच उत्तर: "मीच."

ज्यांना मूल नकोच आहे, ठरवून नको आहे, त्यांनीही कारणं देऊ नयेत. "आम्ही दोघं ठरवून असे आहोत" म्हणालात की पुरे. त्यांना स्वार्थी म्हणणारे लोक मी ऐकलेत. मला ते पटत नाही. मूल हवं असूनच ते जन्माला यावं, यापेक्षा मोठी अपेक्षा मी कुणाकडून ठेवत नाही.

घरातलंच माणूस बोलत असेल तर? सासू, आत्या, मोठी आई?

ज्याचं माणूस त्याने बोलायचं. सासरचं असेल तर नवऱ्याने, माहेरचं असेल तर बाईने.

हे कागदावर सोपं आहे. आमच्या घरी याला नऊ वर्षं लागली. माझ्या नवऱ्याची आत्या, मायेची बाई, माझ्या पहिल्या बाळंतपणात हिनेच मला डिंकाचे लाडू करून पाठवले. पण घरात पाय ठेवला की "काऊन रे, नाव चालवाले पोरगा नको का?" नवरा मोबाइलमध्ये मान घालायचा. मी रात्री भांडायचे. तो म्हणायचा, जुनी माणसं आहेत, जाऊ दे. रिसेप्शनच्या त्या रात्री मात्र मी भांडले नाही. पोरीने सिग्नलला काय विचारलं एवढंच सांगितलं.

पुढच्या आठवड्यात तो एकटाच आत्याकडे गेला. चारचौघांत नाही, सणाला नाही, असाच एका संध्याकाळी. जाताना संत्र्यांची पिशवी नेली. म्हणाला, "आत्या, तू आमच्यावर जीव टाकतेस मला माहीत आहे. पण पोरी मोठ्या झाल्या, त्यांना सगळं समजते. माझ्या घरी पोरगा नाही म्हणून आता पुन्हा बोलायचं नाही. बोलायचंच असेल तर मला बोल, तिला नाही, पोरींसमोर तर अजिबात नाही." आत्या खूप वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "जेवून जा." तो जेवला. त्यानंतर ती दोनदा घसरली, दोन्ही वेळा तो नुसतं "आत्या" म्हणाला आणि ती थांबली.

यातलं काय कामाला आलं असं विचाराल, तर वेळ. सणाच्या दिवशी, पाहुण्यांत बोललं असतं तर तिला अपमान वाटला असता. जे सांगायचं ते सणाच्या आधी, एकट्याने, बसून.

लेकरांनाच विचारतात: "तुला भाऊ नाही का गं? भाऊ पाहिजे ना तुला?"

राखी आणि भाऊबीज जवळ आली की हे हमखास. लेकरांना आधीच एक छोटं वाक्य देऊन ठेवा. आमच्या घरी ते आहे, "हे आईला विचारा." मोठ्या माणसाला उलट बोलल्याचं ओझं त्यांच्यावर येत नाही आणि उत्तर द्यायचं कामही त्यांचं राहत नाही. राखीला तिघी एकमेकींना बांधतात, आणि चुलत मामेभावांनाही.

पण लेकरं आपल्यापेक्षा पुढे जातात. बडग्या-मारबतीच्या दिवशी आम्ही इतवारीत काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे गावाची पीडा सोबत नेणारे मोठे पुतळे, बघायला गेलो होतो. सगळे ओरडत होते, "ईडा, पिडा घेऊन जा गे मारबत!" माझी मधली बाबाच्या खांद्याशी उभी राहून जीव तोडून ओरडली, "भाऊ पाहिजे का, घेऊन जा गे मारबत!" आजूबाजूच्या दोन-तीन बायकांनी वळून पाहिलं. एकीने तिच्या पाठीवर थाप मारली. मला हसू आलं नाही, खरं सांगायचं तर. तिच्या मनात हे किती दिवस साचलं होतं हे मला तेव्हा कळलं. घरी आल्यावर तिला जवळ घेऊन बसले आणि कोण कोण असं विचारतं ते एकेक करून विचारलं. नावं निघाली त्यात तिच्या रिक्षातली एक मैत्रीणही होती.

ऑटोवाले दादा, बसमधल्या बाई, दुकानदार विचारतात तेव्हा?

"हो" किंवा "नाही" म्हणा आणि खिडकीबाहेर बघा. वर्धा रोडवर एका मेट्रो प्रवासापुरतं ते नातं.

ऑफिसात, मुलाखतीत?

"घरचं सगळं व्यवस्थित आहे, कामाबद्दल विचारा." सुट्टीवरून किंवा बढतीवरून लेकरांच्या संख्येचा टोमणा वारंवार येत असेल तर तारीखवार लिहून ठेवा आणि एचआरला मेल करा. तोंडी तक्रार हवेत विरते.

रुग्णालयात डॉक्टर किंवा सिस्टरच बोलल्या तर?

दोन गोष्टी वेगळ्या करा. "आधीची बाळंतपणं किती, कशी, गर्भ गेला होता का" हे डॉक्टरला विचारावंच लागतं, त्याची उत्तरं खरी आणि पूर्ण द्या. शेरा ही वेगळी गोष्ट.

माझी तिसरी जन्मली तेव्हा लेबर रूममधल्या एक बाई म्हणाल्या, "पुन्हा पोरगी. आता कशाची बर्फी!" टाके घालणं चालू होतं, माझ्या अंगात बोलायचं त्राण नव्हतं. माझा नवरा दुसऱ्या दिवशी संत्रा बर्फीचे चार डबे घेऊन आला आणि वॉर्डभर वाटली, त्या बाईंनाही हातात दिली. माझ्यासाठी ते पुरेसं होतं. तुम्हाला नसेल तर रुग्णालयाच्या प्रमुखांकडे लेखी द्या.

"आता ऑपरेशन करून टाका" हा सल्ला असू शकतो, हुकूम असू शकत नाही. तुमच्या संमतीशिवाय काहीही करता येत नाही. सरकारी दवाखान्यात गर्भनिरोधासाठी तांबी, तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन, छाया गोळ्या हे सगळं मोफत मिळतं. आपल्याकडे इतवारीच्या बाजूला डागा रुग्णालय खास बायकांचंच आहे. आणि पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी आहे. हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते.

खोचक उत्तर देऊन टाकलं तर? एकदाचं तोंड बंद होईल.

मी दिलंय. शेजारच्या काकू रोज जिन्यात म्हणायच्या, "म्हातारपणी पोरी थोडीच सांभाळणार?" एक दिवस मी म्हणाले, "तुमचा मुलगा तरी कुठे येतो, काकू?" मुलगा पुण्याला असतो, तीन दिवाळ्या आला नव्हता. त्या एक पायरी खाली उतरल्या, कठडा धरला, आणि काही न बोलता दार लावून घेतलं.

माझ्या आईचं ऑपरेशन झालं तेव्हा याच काकूंनी आठ दिवस माझ्या पोरींना जेवू घातलं होतं. मी जाऊन माफी मागितली. त्यांनी माफ केलं, पण पूर्वीसारखं दार उघडं राहत नाही आता. म्हणून माझं सांगणं, समोरच्याची दुखरी जागा माहीत असेल तर तिथे बोट घालू नका. ठाम बोला, लागट नको.

फॅमिली ग्रुपवर कुणी लिहिलं तर?

ग्रुपवर उत्तर नको, वैयक्तिक मेसेज किंवा फोन करा.

माझ्याच तोंडून कुणाला असं निघून गेलं. आता?

भेटा किंवा फोन करा, आणि लांबण लावू नका. "परवा मी तुला लेकराबद्दल बोलले, ते बोलायला नको होतं. चुकलं माझं." पुढे "माझ्या मनात तसं नव्हतं" जोडू नका. ते जोडलं की तिला तुमचीच समजूत घालावी लागते. पुन्हा भेटल्यावर तिला तिच्याबद्दल विचारा: काय करतेस सध्या, झोप होते का, आई कशी आहे.

त्रास सहन होण्यापलीकडे गेला असेल तर?

शेरा आणि छळ यात फरक आहे. मूल नाही किंवा मुलगा नाही यावरून घरात सतत अपमान, टोमणे, नावं ठेवणं चालू असेल, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात त्याला शाब्दिक आणि भावनिक हिंसा म्हटलंय. कायद्यात हे अगदी नेमक्या शब्दांत लिहिलेलं आहे. मारहाण झालेली असायलाच हवी असं नाही. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. महिला हेल्पलाइन १८१, तातडीची मदत ११२.

झोप उडाली, रडू थांबत नाही, जीव नकोसा वाटतो, असं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. चोवीस तास चालतं, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. माझ्या जावेने केला होता. ती सांगते, पहिली दहा मिनिटं ती नुसती रडली आणि पलीकडच्या बाई फोन धरून होत्या.

आणि कुणी चांगलंच बोललं तर?

हा प्रश्न मला कुणी विचारला नाही, मीच घालते. इतकी वर्षं ऐकून घेतल्यावर आपण चांगल्या बोलण्यालाही कान टवकारून उभे राहतो.

मागच्या तान्ह्या पोळ्याला तिघी आपापले लाकडी बैल घेऊन गल्लीत निघाल्या. धाकटीच्या बैलाचं एक चाक निघत होतं, म्हणून मी मागे मागे. कोपऱ्यावरच्या घरी नव्यानेच राहायला आलेल्या आजींनी बैलांना ओवाळलं, तिघींच्या हातावर दहा-दहा रुपये बोजारा ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"तिघी तुझ्याच?"

मी सरळ उभी राहिले. वाक्य तोंडात तयार होतं.

"घर भरलं व माय तुझं," आजी म्हणाल्या आणि धाकटीला विचारलं, "बैलाचं नाव काय ठेवलं?"

"राजा," ती म्हणाली. "त्याचं चाक निघते."

आजी आत जाऊन सुतळी घेऊन आल्या.